राजकारणातील हशा : काही पाने यवतमाळची, काही परगावची

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणारे आमचे एक वृद्ध प्राध्यापक होते. सनावळ्यांत ते पक्के. परंतु दुपारच्या तासाला वर्गावर झोपेचे सावट पसरू लागले, की ते पुस्तक मिटवीत आणि एखादा किस्सा सांगत. त्यांतला तारेचा किस्सा मी अद्याप विसरलेलो नाही.

१९२८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे राज्यपाल अल स्मिथ यांना उमेदवारी दिली. तेथील एखाद्या मोठ्या पक्षाने कॅथलिक माणसाला ह्या पदासाठी उभे करण्याची ती पहिलीच वेळ. प्रचाराच्या काळात अशी आवई उठली की, स्मिथ निवडून आले तर पोपमहोदय आपले बिऱ्हाड रोमहून वॉशिंग्टनला हलविणार. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीच्या तळाखालून नुकताच एक बोगदा खणून झाला होता. त्याची छायाचित्रे दाखवून हा बोगदा पुढे थेट व्हॅटिकनपर्यंत जाणार आहे, असे सांगणारे लोक होते आणि ते मानणारेही निघाले! स्मिथ पडले, आणि चांगलेच पडले; त्यांना स्वतःचे न्यूयॉर्क राज्यदेखील राखता आले नाही. निकालानंतर एक विनोद देशभर फिरला. पराभवाची बातमी येताच म्हणे स्मिथ यांनी पोपमहोदयांना त्रोटक तार केली : ‘गाठोडी सोडा.’

अशी तार अर्थातच कोणी केली नव्हती. तरीही हा विनोद मला महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजाला वर्षभर संशयाने छळले, त्याच्यावरच तो बेतलेला होता. पण त्यात हसे झाले ते संशय घेणाऱ्यांचे. स्मिथ स्वतः मासळीबाजारात राबून वर आलेले. विधिमंडळातील सहकारी आपापल्या विद्यापीठांच्या पदव्यांची बढाई मारू लागले, तेव्हा त्यांनी सांगितले, की माझीही पदवी आहे, ‘एफ.एफ.एम.’, म्हणजे फुल्टन फिश मार्केट. पुढे १९२७ साली एका विद्वान वकिलाने त्यांना जाहीर पत्र लिहून, पोपमहोदयांच्या अमुक अमुक एन्सायक्लिकलशी तुमची राज्यनिष्ठा कशी जुळते, असा सवाल केला. त्यावर स्मिथ यांनी आपल्या सल्लागारांकडे वळून, ‘हे एन्सायक्लिकल म्हणजे काय भानगड असते, ते मला कोणी सांगेल का?’ असे विचारल्याची कथा प्रसिद्ध आहे. आम्ही सेमिनरीयन मंडळी ह्या ठिकाणी खूप हसत असू. कारण परीक्षेत त्याच एन्सायक्लिकल्सची नावे आम्हांला धड आठवत नसत.

बत्तीस वर्षांनी, १९६० साली, जॉन केनेडी उभे राहिले, तेव्हा तीच शंका पुन्हा डोके वर काढून आली. ह्युस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत जाऊन त्यांनी तिला गंभीर उत्तर दिले, ते सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचे हलकेफुलके उत्तर मला अधिक मार्मिक वाटते. पोपमहोदयांच्या अप्रमादशीलतेविषयी लोकांना काय सांगावे, असे मी कार्डिनल स्पेलमन यांना विचारले, असे ते सांगत. तर कार्डिनल म्हणाले, ‘काय सांगावे ते मलाही कळत नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की ते मला नेहमी स्पिलमन म्हणून हाक मारतात!’ केनेडी निवडून आले. गाठोडी बांधण्याची वेळ ह्याही वेळी कोणावर आली नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे. मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मुले माझ्या खोलीत बसली होती. मोबाइलवर कोणा पुढाऱ्याची नक्कल पाहून ती हसत होती. मी त्यांना विचारले, ‘आपल्या जिल्ह्याच्या राजकारणात हसण्यासारखे, लक्षात राहण्यासारखे काय काय घडले, ते तुम्हांला ठाऊक आहे का?’ कोणालाच काही सांगता आले नाही. मुलांना दोष कसा द्यावा? ज्या यवतमाळ जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले आणि देशाला लोकनायक बापूजी अणे दिले, त्या जिल्ह्याचा उल्लेख आता वर्तमानपत्रात एकाच कारणासाठी होतो. त्या कारणाकडे मी पुढे येणारच आहे. परंतु आरंभ मला गवतापासून करावयाचा आहे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म १८८० साली वणी येथे झाला. व्यवसायाने ते वकील, वृत्तीने संस्कृत पंडित. लोकमान्य टिळकांच्या जीवनावर त्यांनी संस्कृतात महाकाव्य रचले आणि त्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा ह्या गृहस्थाने १९३० साली सरकारचे गवत चोरले! गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला, त्या वर्षीची ही गोष्ट. वऱ्हाडाची अडचण अशी, की येथे समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून लोकांनी मीठ करून पाहिले. पण यवतमाळकडे तीही सोय नव्हती. होते ते जंगल, आणि त्यावर सरकारी पहारा. जेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली, तेथे परवान्यावाचून गवताला हात लावणे गुन्हा ठरले होते. तेव्हा १० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजींच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह सुरू झाला. ज्या हातांनी आयुष्यभर कज्जेदलाली आणि काव्यरचना केली, त्या हातांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि बापूजी तुरुंगात गेले. साऱ्या ब्रिटिश साम्राज्याची अब्रू एका पेंढीने धोक्यात आली! हा प्रसंग विनोदी नव्हे, हे मी जाणतो. परंतु एखाद्या सत्तेला गवताचे रक्षण करण्यासाठी पन्नाशीच्या पंडिताला कैद करावे लागते, तेव्हा ती सत्ता हास्यास्पद ठरते, आणि हास्यास्पद ठरलेली सत्ता फार काळ भीतिदायक राहत नाही. बापूजींना हे नेमके उमगले होते. पुढे १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली, ह्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. आणि १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी ती जागा सोडली.

स्वातंत्र्यानंतर आमच्या जिल्ह्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा किस्सा पेपरवेटचा. जांबुवंतराव धोटे १९६२ साली यवतमाळहून विधानसभेवर निवडून गेले. १९६४ साली सभागृहात त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे, गांधीवादी आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक. वस्तू फेकून मारण्यास याहून अयोग्य माणूस शोधूनही मिळाला नसता. मग पोटनिवडणूक झाली आणि यवतमाळच्या मतदारांनी जांबुवंतरावांनाच परत पाठविले. आमच्याकडे हा किस्सा लोक टाळी देऊन सांगतात. मला त्यात मतदारांचा मिस्कीलपणा दिसतो, खोटे कशाला बोला. मात्र पेपरवेटाने मला कधी हसू आले नाही. फेकलेली वस्तू कोठे लागेल हे फेकणाऱ्याच्या हातात नसते. जांबुवंतराव पुढे दोनदा नागपूरहून लोकसभेत गेले, विदर्भासाठी आयुष्यभर झगडले आणि २०१७ साली निवर्तले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. तो ह्या लेखाचा विषय नव्हे.

विषय निघालाच आहे तर थोडे मुंबईला जाऊन येऊ. तेथील एका प्रसंगाशी आपला कॅथलिकांचा, त्यातून आम्हा सेमिनरीवाल्यांचा, थोडा संबंध आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात, नोव्हेंबर १९५५ मध्ये, चौपाटीवरील सभेत स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला पाच हजार वर्षांतही मिळणार नाही, असे बजावले. सभा उधळली गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे पाच हजार वर्षे साडेचार वर्षांच्या आतच संपली. दरम्यान आचार्य अत्रे यांनी आपल्या ‘मराठा’ पत्रातून पाटलांची, मोरारजींची आणि पंडित नेहरूंची जी खिल्ली उडविली, तिने मराठी माणसाला वर्षानुवर्षे हसविले. ती सगळीच सभ्य होती, असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी ‘मराठा’ येत असता, तर वडिलांनी काही अंक मुलांच्या हाती पडू दिले नसते. परंतु १९६४ साली नेहरू गेले, तेव्हा ह्याच अत्र्यांनी त्यांच्यावर दिवसामागून दिवस असे हृदयद्रावक लिहिले, की ‘सूर्यास्त’ नावाने त्याचे पुस्तक झाले. ज्याची टर उडविली, त्याच्यासाठी रडताही आले. म्हणून मी अत्र्यांच्या अतिशयोक्तीला पुष्कळ माफ करतो.

आता आमचा सेमिनरीयन. मंगळूरच्या एका कॅथलिक कुटुंबातला सोळा वर्षांचा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी १९४६ साली बंगळुरूच्या सेमिनरीत दाखल झाला. अडीच वर्षांत तो बाहेर पडला. त्याने नंतर सांगितलेले कारण असे, की तेथे गुरुजन उंच टेबलांवर बसून चांगले जेवत आणि विद्यार्थ्यांच्या ताटात वेगळे अन्न पडे. जॉर्ज फर्नांडिस ते हेच. (त्या उंच टेबलांपैकी एखादे अजून कोठे शिल्लक असल्यास ते सर्व सेमिनऱ्यांतून फिरवून दाखवावे, अशी माझी नम्र सूचना आहे.) मुंबईस येऊन त्यांनी गोदी कामगारांत, मग पालिका कामगार आणि टॅक्सीचालकांत काम केले, महापालिकेत निवडून गेले, आणि १९६७ साली दक्षिण मुंबईतून थेट स. का. पाटलांच्या विरोधात लोकसभेला उभे राहिले. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे. वार्ताहरांनी छेडता छेडता त्यांच्या तोंडून एक वाक्य काढून घेतले : प्रत्यक्ष देवसुद्धा मला हरवू शकत नाही. झाले! भिंतीभिंतींवर फलक लागले, की देव पाटलांना हरवू शकत नसेल, पण तुम्ही हरवू शकता. आणि लोकांनी हरविले. पाच हजार वर्षांचा हिशेब करणाऱ्याला दोन ओळींच्या फलकाने घरी बसविले. पाटील कर्तबगार होते, मुंबईचे तीनदा महापौर झालेले होते; पण स्वतःला हसणे त्यांना साधले नाही. मनोरा बांधू लागलेल्या बाबेलच्या लोकांचा प्रसंग वाचून दाखविताना मला पुष्कळदा ह्या निवडणुकीची आठवण होते.

परत यवतमाळला. ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, तो आता येतो.

वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुली ह्या गावचे. बंजारा तांड्याच्या नाईकाचे पुत्र. जन्म १ जुलै १९१३. वकिली केली, पुसदचे नगराध्यक्ष झाले, आमदार, मंत्री, आणि डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री. ते पद त्यांनी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळले. ओठांत पाइप आणि चेहऱ्यावर शांतपणा, ही त्यांची छायाचित्रांतली ओळख. अशा ह्या धीम्या माणसाने १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या जाहीर सभेत सांगितले, की येत्या दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला येथे फाशी द्या.

त्या काळाची कल्पना आजच्या मुलांना यावयाची नाही. मलाही ती आईवडिलांच्या तोंडूनच आली. धान्याची टंचाई देशभर होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आपल्याकडे शुक्रवारचे मांस वर्ज्य होतेच, त्यात सोमवारची भर पडली. माझी आई म्हणे, मांस परवडत नव्हते म्हणून शुक्रवार सोपा जाई, सोमवार अवघड. अमेरिकेहून पी.एल. ४८० कायद्याखाली जहाजे येत. १९६६ साली देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. रेशनच्या दुकानात लाल रंगाची मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके.

ह्याच अमेरिकन मदतीचा एक भाग मिशनच्या आवारातून वाटला जाई : दुधाची भुकटी, दलिया, तेलाचे डबे. जात पाहिली जात नसे, धर्म विचारला जात नसे. रांगेत गावातले सगळेच उभे राहत. तरीही टोमणा मात्र आपल्याच वाट्याला आला. ‘भुकटीसाठी ख्रिस्ती झालेले’ असे म्हणून लोक हसत. वाचकांपैकी अनेकांच्या वडिलांनी, आजोबांनी हे ऐकले असेल. शाळेत ऐकले असेल, बाजारात ऐकले असेल आणि खाली मान घालून घरी आले असतील. माझे वडील मात्र मान खाली घालीत नसत. ते म्हणत, ‘भुकटीने ख्रिस्ती होता येत असते, तर गोदामातल्या उंदरांचे बाप्तिस्मे आधी झाले असते, अर्धी पोती त्यांनीच फोडली.’ अल स्मिथ यांच्या तारेची गोष्ट सेमिनरीत प्रथम ऐकली, तेव्हा मला वडिलांचे उंदीर आठवले होते.

तर अशा दिवसांत मुख्यमंत्री म्हणाले, मला फाशी द्या. ऐकणाऱ्यांत हसणारे होतेच. वकील माणूस, फाशी कोण देतो आणि कशी देतो, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? कोणताही न्यायाधीश ज्वारीच्या पिकावरून मुख्यमंत्र्याला फासावर चढविणार नव्हता. तेव्हा ही एक प्रकारची सुरक्षित पैज होती, असे टीकाकार म्हणू शकतो. मीही तरुणपणी असेच म्हणत असे. पण वय वाढले तसे माझे मत बदलले. शेतकऱ्याला राबण्यास सांगताना, अर्धपोटी माणसाला थांबण्यास सांगताना त्यांनी पणाला लावली ती स्वतःची मान. दुसऱ्या कोणाची नव्हे.

येथे मला संत थॉमस मोर आठवतात. इंग्लंडच्या राजाचे ते सर्वोच्च मंत्री. राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्याची शपथ त्यांनी घेतली नाही, म्हणून ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाची शिडी डुगडुगत होती. चढताना ते अधिकाऱ्याला म्हणाले, ‘वर जाण्यास तेवढा हात द्या; खाली येण्याचे माझे मी पाहून घेईन.’ मान ठोकळ्यावर ठेवल्यावर त्यांनी दाढी बाजूला सारली. तिने काही राजद्रोह केलेला नाही, असे म्हणून. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हुतात्म्याची आणि मुख्यमंत्र्याची तुलना मी करीत नाही. नाईकसाहेब शनिवारवाड्याच्या व्यासपीठावरून आपल्या पायांनी सुखरूप उतरले. परंतु आपल्याच मानेविषयी चारचौघांत असे बोलू शकणारा सत्ताधीश क्वचित आढळतो, एवढे मात्र खरे.

बोलून ते थांबले नाहीत. संकरित ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे वाण १९६४ साली नुकतेच निघाले होते. त्याचे बियाणे आणि त्याबरोबर खत गावोगाव पोहोचविण्याच्या मागे सरकार लागले. लोकांनी ते पेरले, पिकविले आणि त्याला नावेही ठेविली. कणीस भरघोस, पण भाकरीला चव नाही आणि कडबा आखूड, म्हणून बैल नाराज! पुढे तर ‘हायब्रीड’ ही मराठीतील एक शिवीच होऊन बसली. किरकोळ अंगाचा, नाजूक, उन्हात टिकाव न धरणारा पोरगा दिसला, की म्हातारी माणसे म्हणत, ‘हायब्रीड आहे.’ मुख्यमंत्र्याच्या महत्त्वाकांक्षी योजनेतला शब्द दोन-चार वर्षांत चावडीवरच्या थट्टेत मुरावा, हा त्या योजनेच्या यशाचाच पुरावा म्हणावा लागेल. जी गोष्ट दारापर्यंत येत नाही, तिची थट्टा कोणी करीत नाही.

दोन वर्षे उलटली. दोर घेऊन कोणी आले नाही. १९६७ ची निवडणूक नाईकांच्या पक्षाने जिंकली, १९७२ चीही जिंकली. आणि त्याच १९७२ साली महाराष्ट्राने असा दुष्काळ पाहिला, की लक्षावधी माणसे रस्त्यावर खडी फोडण्यास बसली आणि मिलो पुन्हा दुकानात आली. मागेल त्याला काम देण्याची जी रोजगार हमी योजना महाराष्ट्राने पुढे कायद्याने उभी केली, तिचा पाया त्या दिवसांत घातला गेला. शनिवारवाड्याची पैज नाईक जिंकले, की हरले? आकडे घेऊन भांडणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी भांडता येईल. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो, हा सरकारचा निर्णय. आमच्या धर्मग्रामातील एका ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला मी एकदा हाच प्रश्न केला. तो थोडा हसला. म्हणाला, ‘फादर, त्या मानसानं म्हटलं तरी, मले फाशी द्या. आता कोनी म्हनते काय?’

त्याचे हसणे मला समजले. कारण ज्या जिल्ह्याच्या पुत्राने शेतीसाठी स्वतःच्या फाशीची भाषा केली, त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पुढे स्वतःचे आयुष्य संपविले. पुसदच्या शेजारच्या महागाव तालुक्यातील एक शेतकरी १९ मार्च १९८६ रोजी आपल्या सबंध कुटुंबासह मरण पावला. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक जण अन्नत्याग करतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून तर अशा बातम्यांना खंड राहिला नाही. कापसाचा भाव, कर्ज, कोरडवाहू जमीन, लहरी पाऊस. कारणे सर्वांना पाठ आहेत. मी त्या घरांत गेलो आहे. तेथे वडीलधारी माणसे मला एका बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारीत, ‘फादर, ह्यांना देवळात घेता येईल ना?’ जुन्या, म्हणजे १९१७ च्या, धर्मनियमांत अशा मृतांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून तो नकार वगळण्यात आला, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. मी त्यांना सांगत असे, ‘घेता येईल. मिस्साही होईल.’ त्यांच्या चेहऱ्यावर जो सैलपणा येई, त्याला सुख म्हणता येत नाही. पण दुसरा शब्दही मला सापडलेला नाही.

१ जुलै २००६ रोजी, म्हणजे नेमक्या कृषिदिनी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत यवतमाळ होता. मार्च २०१४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडीला आले आणि चहा पिता पिता शेतकऱ्यांशी बोलले. दाभडीचा तो चहा देशभर गाजला. दोन्ही प्रसंग आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात नोंदले जातील. स्वतःच्या मानेविषयी मात्र दोन्ही वेळी कोणी काही बोलले नाही.

राहता राहिला एक हशा. तो २२ जुलै २००८ चा, लोकसभेतला. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून सरकार अडचणीत आले होते आणि विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू होती. चर्चेत बोलताना राहुल गांधी यांनी विदर्भातील गरीब स्त्रियांच्या घरी दिलेल्या भेटी सांगण्यास सुरुवात केली. त्यांत आमच्या जिल्ह्यातली एक विधवा होती. तिचा पती कर्जबाजारी शेतकरी, त्याने आत्महत्या केलेली. तिचे नाव उच्चारले गेले आणि समोरच्या बाकांवर हशा पिकला. ते नाव मी येथे लिहीत नाही. त्या दिवसांत ते पुष्कळांनी, पुष्कळ कारणांसाठी वापरून झाले आहे. अणुकराराचा आणि कपाशीच्या शेतातल्या एका बाईचा काय संबंध, असे हसणाऱ्यांना वाटले असावे. भाषणात ओढून ताणून आणलेला दाखला म्हणूनही काही जण हसले असतील. भाषणे तशी असतात, हे मलाही ठाऊक आहे. तुम्हांला ह्याचे हसू येते, ठीक आहे, पण ही खरीखुरी व्यक्ती आहे, अशा आशयाचे उत्तर वक्त्याने दिले आणि भाषण पुढे चालू ठेवले.

मी ते दूरदर्शन संचावर पाहत होतो. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात काम करणारी आमची मावशीही दारात उभी होती. तीही विधवा, तीही शेतकऱ्याची. हशा कशाचा झाला, हे तिला कळले नाही. तिने मला विचारले, ‘काऊन हासले जी, फादर?’ मला चटकन उत्तर देता आले नाही. वडील असते, तर त्यांना काहीतरी सुचले असते.

त्या दिवशी सायंकाळी मतदान झाले. ठरावाच्या बाजूने २७५ आणि विरुद्ध २५६ मते पडली, सरकार वाचले. आमच्याकडे तेव्हा कपाशीच्या डवरणीचे दिवस होते, आणि मावशी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन निंदणाला गेली.